साडेबाराचा ताप

आजारी मुलाला दिवसभर कोठें ठेवावयाचें, हा प्रश्न आमच्या आजेसासूबाईंच्या काळीं ह्या घरांत निघालाच नसावा. त्या वेळीं घरांत नऊ मुलें होतीं, असें सासूबाई सांगतात. आणि मुलाच्या कपाळाला हात लावून पाहणाऱ्या बायका सहा. एकीला चूल सुटत नसली तर दुसरी उशाशीं बसे, दुसरी बाहेरची बसली असली तर तिसरी. त्यामुळें पुष्कळांची अशी समजूत झालेली आहे कीं, जुन्या एकत्र कुटुंबांत आजारी मुलाच्या बाबतींत कसलीच अट नसे, मायेचा नुसता पूर लोटलेला असे. ही समजूत खरी नव्हे. घरांत कोणाला कांजिण्या किंवा गोवर आला, कीं दाराला कडुलिंबाचा डहाळा लागे, फोडणी बंद होई, पाहुण्याची बोळवण उंबऱ्यावरूनच होई, आणि तान्हें मूल असलेली सून त्याला घेऊन माडीवर राहावयास जाई. "घरांत देवी आल्या आहेत," एवढें म्हटलें कीं झालें. ह्या बंदीचा राग कोणाला येत नसे. कारण ती घरांतल्या कोणा बाईनें घातलेली नसे, देवीनें घातलेली असे. ज्या खऱ्या देवींनीं माणसें नेलीं व डोळे नेले, त्या हिंदुस्थानांत १९७५ नंतर कोणाला निघाल्या नाहींत, आणि १९८० सालीं त्या जगांतून गेल्याचें जाहीर झालें. दारावरचा डहाळाहि गेला. बंदी घालण्याची गरज मात्र शिल्लक राहिली. आणि ती आतां माझ्यासारखीला स्वतःच्या नांवानें घालावी लागते.

पुण्यास पेठेंतील आमच्या राहत्या घरीं मी बावीस वर्षें पाळणाघर चालवीत आहें. पुढच्या दोन खोल्या, मागचें अंगण, अकरा मुलें व मदतीला एक बाई, एवढाच तो संसार. मुलें मला काकू म्हणतात. त्यांच्या आया व बाप काकू म्हणतात. अलीकडे एकदोन आजोबाहि म्हणूं लागले आहेत. हा शब्द गोड आहे, आणि आमच्या कामांतली सारी अडचण त्याच शब्दांत आहे. काकूला पगार नसतो, सुटी नसते, आणि 'आज मुलाला आणूं नका' असें काकूनें म्हणावयाचें नसतें. चरकानें शारीरस्थानांत मुलाच्या खोलीचें व धात्रीचें मोठें बारकाईनें वर्णन केलें आहे. धात्री कशी असावी, तिची प्रकृति कशी असावी, तिच्यांत कोणते दोष नसावे, ह्याची तेथें लांबलचक यादी आहे. धात्रीच्या अटींची यादी मला तेथें आढळली नाहीं.

ज्या तापाचें नांव ह्या लेखाला दिलें आहे, तो वैद्यकाच्या कोणत्याहि ग्रंथांत सांपडणार नाहीं. तो फक्त पाळणाघरांत येतो. सकाळीं साडेआठला मूल येतें तें हंसत येतें, अंग गार असतें, डोळे जरा पाणावलेले एवढेंच. नऊदहाला खेळतें. अकराला कोपऱ्यांत जाऊन बसतें. आणि साडेबाराला, वरणभाताचें ताट पुढें येतें न येतें तोंच त्याचें अंग तव्यासारखें तापतें. ह्यांत चमत्कार कांहीं नाहीं. पॅरासिटामॉलच्या औषधाचा परिणाम चार ते सहा तास टिकतो. सकाळीं सात-साडेसातला चमचाभर पोटांत गेलें कीं दारांत मूल थंड, आणि त्या चमच्याचें बळ सरलें कीं ताप आपला हजर. आईला तोंवर कचेरी गांठलेली असते. एका चार वर्षांच्या मुलीनें तर मला कानांत सांगितलें होतें, "काकू, आईनें गोड औषध दिलंय, पण तुला सांगायचं नाहीं." लहान मुलांना गुपित ठेवावयास सांगितलें म्हणजें तें कोठें जातें, हें मोठ्या माणसांच्या लक्षांत येत नाहीं.

ह्या चमच्याची मला भीति वाटते ती साथीपेक्षांहि निराळ्या कारणानें. ह्या औषधाची मात्रा मुलाच्या वजनावरून ठरते. त्याच्या बाटल्याहि एकच एक नसतात. एकीच्या चमच्यांत दुसरीच्या दुप्पट औषध असतें, आणि बाहेरून दोघींचें नांव एकच. घरीं एक चमचा दिलेला आहे हें मला ठाऊक नसेल आणि दुपारीं ताप पाहून मीं आणखी एक दिला, तर तें मात्रेबाहेर जावयास वेळ लागत नाहीं. आणि मात्रा फार झाली तर इजा होते ती यकृताला. म्हणून माझ्या हातून आईबापांशीं बोलल्यावांचून कोणत्याहि मुलाच्या तोंडांत औषध जात नाहीं, मग तें कितीहि साधें असो.

नऊ वर्षांमागें श्रावणांत एका दोन वर्षांच्या मुलाला असाच साडेबाराचा ताप आला, आणि दहा मिनिटांत त्याचे डोळे वर गेले, हातपाय ताठले व अंगाला झटके येऊं लागले. आमच्या मदतनीस बाई कांदा आणावयास धांवल्या. मीं त्यांना खूण करून थांबविलें. मुलाला कुशीवर वळविलें, आजूबाजूचीं लांकडी खेळणीं दूर सारलीं, तोंडांत कांहीं घातलें नाहीं, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत बसलें. दोन मिनिटेंहि झालीं नसतील. पण तेवढ्यांत माझ्या हातापायांतलें बळ गेलें. तापामुळें येणारे हे झटके सहा महिने ते पांच वर्षें ह्या वयांतल्या शंभर मुलांत दोघां ते पांचांना केव्हां तरी येतात, आणि सहसा मागें कांहीं ठेवून जात नाहींत, हें मला वाचून माहीत होतें. वाचलेलें असणें आणि दुसऱ्याचें मूल आपल्या हातांत ताठणें ह्यांत फार अंतर आहे. गल्लींतले डॉक्टर आले. त्यांनीं मुलाला तपासलें, काळजीचें कारण नाहीं म्हणून सांगितलें, आणि मला एकच प्रश्न विचारला : "औषध दिलं होतं का? किती वाजतां?" ह्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतें. आईचा मोबाइल कचेरींत कपाटांत बंद करून ठेवलेला, बाप परगांवीं. तीन वाजतां ती आली. मूल झोंपलें होतें. त्याच्याजवळ बसून ती पुष्कळ रडली व मग म्हणाली, "साडेसातला दिलं होतं, काकू. पण सांगितलं असतं तर तुम्ही ठेवून घेतलं नसतंत."

हें वाक्य मी विसरूं शकत नाहीं, कारण त्यांत तिची लबाडी जितकी आहे तितकीच माझ्या नियमाची ओळख आहे. दारावर नुसता नियम टांगला तर मुलांना ताप यावयाचा थांबत नाहीं; ताप सांगावयाचे लोक थांबतात. आणि न सांगितलेला ताप हा सांगितलेल्या तापापेक्षां शतपटीनें वाईट.

तरी नियम हवेतच. ज्यांना ते माझे चोचले वाटतात त्यांनीं जरा हिशेब पाहावा. कांजिण्यांचा संसर्ग पुरळ दिसण्याच्या दिवसादोनदिवस आधींपासून असतो, आणि सर्व फोड सुकून त्यांवर खपल्या धरेपर्यंत राहतो. गोवराचा तर पुरळाच्या आधीं चार दिवस व नंतर चार दिवस. उलट्या-जुलाब थांबल्यावर मूल त्याच दिवशीं टुणटुणीत दिसूं लागतें. पण तेवढ्यानें तें इतर मुलांत बसविण्याजोगें होत नाहीं. माझी भाची इंग्लंडांत असते. तिच्या मुलीला सांभाळणारी बाई, तिकडे तिला चाइल्डमाइंडर म्हणतात, शेवटच्या उलटी-जुलाबानंतर पुरे अठ्ठेचाळीस तास गेल्यावांचून मुलीला दारांत उभी करीत नाहीं. तिकडच्या सरकारी आरोग्यखात्याची सूचनाच तशी आहे. भाचीला पहिल्यानें ह्याचा संताप आला होता. पुढें दुसऱ्याच्या मुलाकडून आलेला जुलाब तिच्या घरांतल्या चौघांनाहि घेऊन बसला, तेव्हांपासून ती त्या बाईची स्तुति करते.

आणि तरीहि मी म्हणतें, सर्दीला नियम लावूं नये. लहान मुलाला पहिल्या दोनतीन वर्षांत, त्यांतून तें चार मुलांत वाढत असेल तर, वर्षांतून सहाआठ वेळां पडसें येणारच. प्रत्येक वाहणाऱ्या नाकाला मी घरीं पाठवूं लागलें तर एकाहि आईची नोकरी टिकणार नाहीं, आणि माझें पाळणाघरहि नाहीं. नाकाला धार आहे पण मूल जेवतें आहे, खेळतें आहे, तर तें माझें. ताप शंभरावर चार दशांश गेला, कीं तें आईबापांचें. आणि औषधावांचून एक अख्खा दिवस अंग गार राहिल्यावर पुन्हां माझें. सीमा कोठें तरी ओढावी लागते, आणि ती ओढणाऱ्याला ठाऊक असतें कीं रोग कांहीं ती पाहून येत नाहीं.

चार वर्षांपूर्वीं मार्चच्या एकतीस तारखेला हें मला चांगलेंच प्रत्ययाला आलें. एका बँकेंत काम करणाऱ्या बाई सकाळीं सवाआठला तीन वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. वर्षअखेरीचा दिवस; त्या दिवशीं बँकेंतल्या माणसानें रजा मागणें म्हणजे लग्नांत नवरीनें रजा मागण्यासारखें. मुलीला रात्रीं तीन उलट्या झाल्या होत्या. त्यांनीं तें लपविलें नाहीं, हें मीं आधींच सांगितलें पाहिजे. त्या म्हणाल्या, "काकू, फक्त आजचा दिवस. मी पायां पडतें तुमच्या." आंत त्या वेळीं सात महिन्यांचें एक बाळ होतें, आणि पलीकडच्या खोलींत मामंजी होते. त्यांच्यावर कर्करोगाचे उपचार चालू होते, आणि त्यांना कोणताहि संसर्ग होऊं देऊं नका असें डॉक्टरांनीं आम्हांला पुन्हां पुन्हां बजाविलें होतें.

मीं नाहीं म्हटलें. सासूबाई दारामागें उभ्या होत्या. ज्यांच्या नवऱ्यासाठीं मी ही हट्टानें उभी होतें त्या सासूबाईच म्हणाल्या, "अगं, दारांत आलेलं लेकरूं परत पाठवतात का कुठं? आंत घे आधीं तिला." मीं तरीहि नाहीं म्हटलें. बाई ओट्यावर बसल्या. मुलगी त्यांच्या खांद्यावर डोकें टाकून माझ्याकडे पाहत होती. तिला वाटत होतें काकू आतां हात पुढें करील. मीं लिंबाचें सरबत साखरमीठ घालून आणून दिलें, तेंहि उंबऱ्याच्या बाहेर. वीस मिनिटांनीं मुलीचा बाप आला आणि तिला घेऊन गेला. तोंपर्यंत त्याला फोन करावा हें कोणाच्याच मनांत कसें आलें नव्हतें, ह्याचें मला त्या गडबडींतहि नवल वाटलें.

सासूबाई माझ्याशीं दोन दिवस बोलल्या नाहींत. त्याच आठवड्यांत आमच्याकडल्या दुसऱ्या दोन मुलांना उलट्या झाल्याच. त्या कोठून आल्या कोण जाणे. मामंजींना कांहीं झालें नाहीं, पण तें माझ्या नियमामुळें असें मी म्हणणार नाहीं. आणि मे महिन्यांत बाईंनीं मुलीला आमच्याकडून काढलें. शंभर पावलांवर दुसरें पाळणाघर आहे, तेथें मुलाच्या कपाळाला कोणी हात लावून पाहत नाहीं. मुलगी अजून रस्त्यांत दिसली कीं काकू म्हणून हांक मारते. बाई मान वळवितात. तसाच प्रसंग उद्यां आला तर मी पुन्हां तसेंच करीन. पण त्या बाईंना मी दोष देत नाहीं.

त्यांना दोष देतां येत नाहीं, कारण त्यांच्या हातांत कांहीं नव्हतें. आमच्या देशांत पाळणाघराची सोय करावी हें कायद्याला फार आधीं सुचलें आहे. १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यानें पन्नासांहून अधिक बायका कामाला असलेल्या कारखान्यांत मुलांसाठीं खोली ठेवणें सक्तीचें केलें. २०१७ सालच्या दुरुस्तीनें पन्नास वा अधिक नोकर असलेल्या कचेऱ्यांनाहि पाळणाघर लावून दिलें, आणि बाळंतपणाची रजा सव्वीस आठवड्यांची केली. दिल्लीस बांधकामावरच्या मजूर बायकांच्या मुलांसाठीं मीरा महादेवन् ह्यांनीं १९६९ सालीं मोबाइल क्रेशेस ही संस्था सुरू केली, तिचें काम तर नमस्कार करण्याजोगें आहे. पण ही सारी व्यवस्था निरोग्या मुलाची. मूल आजारी पडलें म्हणजे त्याला हवी असते ती खोली नव्हे, माणूस. आणि माणूस मोकळें करावयाचें तर रजा पाहिजे. केंद्र सरकारनें २००८ सालीं आपल्या नोकर-स्त्रियांना मुलांच्या संगोपनासाठीं सबंध नोकरींत मिळून सातशेंतीस दिवसांची रजा दिली, महाराष्ट्र सरकारनें २०१८ सालीं एकशेंऐंशी दिवसांची दिली. खाजगी कचेरींतल्या आईनें काय करावें? स्वीडनांत १९७४ पासून आईबापांचा विमा आहे. मूल आजारी पडलें तर आईनें किंवा बापानें घरीं राहावें, आणि बुडालेल्या पगाराचा बराचसा भाग सरकारनें द्यावा. मुलामागें वर्षाला एकशेंवीस दिवसांपर्यंत. तिकडे फेब्रुवारींत ह्या रजेची इतकी चंगळ उडते कीं लोकांनीं थट्टेनें त्या महिन्याचें नांवच बदललें आहे. थट्टा करण्याइतकी ती गोष्ट तेथें साधी झाली आहे, ह्याचाच मला हेवा वाटतो.

आणि कायद्याच्या गोष्टी बोलतांना मी आमच्या मदतनीस बाईंकडे पाहतें. दुसऱ्यांचीं अकरा मुलें त्यांच्या मांडीवर वाढलीं. त्यांच्या स्वतःच्या मुलाला ताप असे तेव्हां तो दांडेकर पुलापलीकडे शेजारणीच्या भरंवशावर एकटा पडून असे, आणि त्या येथें दुसऱ्याच्या मुलाच्या कपाळावर पट्ट्या ठेवीत. म्हणून आमच्या घरीं त्यांना मुलाच्या आजारासाठीं वर्षाला बारा दिवस पगारी रजा आहे. त्या दिवशीं धाकटी जाऊ कचेरींतून सुटी घेऊन माझ्या मदतीला राहते, आणि तेंहि जमलें नाहीं तर मी चार घरीं आदल्या रात्रीं फोन करून मुलें कमी करून घेतें. एका गृहस्थांनीं ह्यावर, "तुमच्या बाईंच्या मुलाच्या तापासाठीं आम्ही कां खाडा करावा?" असें मला विचारलें. त्यांच्या मुलाच्या तापाचे खाडे मीं त्यांना वहींतून काढून दाखविले.

ही वही व एक छापील कागद, एवढीं माझीं शस्त्रें. जूनमध्यें दोन्हीं पालकांच्या सह्या त्या कागदावर घेतल्याशिवाय मूल दाखल होत नाहीं. पैशाची अट त्यांत स्पष्ट आहे : मूल आजारानें आलें नाहीं तर फी कापली जाणार नाहीं, मी आजारी पडलें तर त्या दिवसाचें मी घेणार नाहीं. ह्यावर कुरकुर झालीच. मामंजी निवृत्त शिक्षक, ते असेपर्यंत पालकांना सांगत, "मुलगा शाळेंत आला नाहीं म्हणून मास्तरांचा पगार कापल्याचं आमच्या वेळीं तरी ऐकलं नव्हतं." पूर्वीं कागदावर आईचा नंबर वर व बापाचा खालीं असे, तो क्रम मीं उलटा केला. त्या एका बदलानें जें झालें तें दहा व्याख्यानांनीं झालें नसतें. दुपारीं एकला डोक्यावरचें शिरस्त्राणहि न काढतां दारांत आलेला बाप, मुलाचा कोणता कान दुखतो हें त्याला मीं सांगावें लागतें, हें खरें. पण पुढच्या खेपेला तो मला सांगतो.

आणि सगळ्यांत वर, ठळक अक्षरांत, एकच ओळ आहे : औषध दिलें असल्यास वेळ व मात्रा सांगावी, खरें सांगणाऱ्यास बोल लावला जाणार नाहीं. ह्या ओळीला जोड म्हणून आमच्या गल्लींतल्या दोन निवृत्त शिक्षिकांना मीं तयार केलें आहे. सकाळीं सातच्या आंत कळविलें, तर त्यांतली एक आजारी मुलाच्या घरीं जाऊन अर्धा दिवस बसते; तिचें मानधन पालकांनीं द्यावयाचें. मुलाला आपलें अंथरूण मिळतें, इतर मुलांना संसर्ग मिळत नाहीं, आणि आईबापांपैकीं कोणाला तरी अर्ध्या दिवसाचीच रजा घ्यावी लागते. दरवेळीं दोघीहि मोकळ्या असतात असें नाहीं. संधिवात त्यांनाहि आहे.

परवां पहांटे पावणेसातला फोन वाजला. एका मुलीचा बाप बोलत होता. "काकू, रात्रीं एकशेंएक होता. साडेअकराला औषध दिलंय, पांच मिलिलिटर, मग परत पहांटे साडेपांचला. आज आणत नाहीं. ती अकरापर्यंत घरीं आहे, मग मी. आजींना त्रास देत नाहीं आज." मीं बरें म्हटलें. त्याला आणखी कांहीं विचारावयाचें होतें, तें तो जरा घोटाळत विचारता झाला : खिमट कसें करतात? मीं सांगितलें, तांदूळ व त्याच्या निम्मी मुगाची डाळ मंद आंचेवर भाजावी, मिक्सरांत भरडून घ्यावी, चौपट पाण्यांत मऊ शिजवावी, जिऱ्याची चिमूट घालावी. "आणि मीठ?" तो म्हणाला. मीठ बेताचें, तूप वरून, आणि ती नको म्हणाली तर दोन घांसांवर सोडून दे, तासाभरानें पुन्हां विचार, असें मीं त्याला सांगितलें. तो तें लिहून घेत होता.